माती, द्राक्षवेल आणि मजूर : कॅलिफोर्नियातील सेंद्रिय द्राक्षशेती आणि कामगारकल्याण यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शेतीच्या इतिहासलेखनात जमीन, पाणी, बियाणे, महसूल आणि बाजारभाव यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे शेतात राबणाऱ्या मजुराला मिळालेले नाही. सेंद्रिय शेतीच्या इतिहासालाही हे विधान लागू पडते. रासायनिक खते व कीटकनाशके यांनी जमिनीची आणि अन्नाची काय हानी केली याची चर्चा विपुल झाली. पण त्याच शेतात वाकून खुरपणी करणाऱ्या, फवारणीनंतर त्याच वेलींखाली हात घालणाऱ्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न बहुधा दुय्यम मानला गेला.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेत २०१७ साली घडलेली एक घटना लक्षणीय ठरते. रोडेल इन्स्टिट्यूट ही संशोधनसंस्था आणि पॅटागोनिया व डॉ. ब्रॉनर्स या उद्योगसंस्था यांच्या पुढाकाराने ‘रीजनरेटिव्ह ऑरगॅनिक अलायन्स’ या संघटनेची स्थापना झाली आणि ‘पुनरुज्जीवक सेंद्रिय’ शेतीसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र अस्तित्वात आले. या प्रमाणपत्राचे तीन आधारस्तंभ सांगितले जातात : मातीचे आरोग्य, पशुकल्याण आणि सामाजिक न्याय. तिसऱ्या स्तंभात मजुरांचे वेतन, त्यांच्या कामाची परिस्थिती आणि त्यांचे संघटनस्वातंत्र्य यांचा समावेश होतो. चांगल्या शेतीच्या व्याख्येत मजुराला मातीइतकेच स्थान देणारी ही अट वरकरणी नवी वाटते. इतिहास तपासला असता मात्र ती नवी नसून मध्यंतरी गाळली गेलेली आहे असे दिसते.

प्रस्तुत लेखात ही अट केव्हा अस्तित्वात होती, ती का गळाली आणि परत येताना तिचे स्वरूप कसे बदलले याचा शोध कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांच्या आधारे घेतला आहे. या प्रदेशाची निवड दोन कारणांनी केली आहे. अमेरिकेतील शेतमजुरांचा सर्वांत प्रभावी लढा तेथील द्राक्षमळ्यांत उभा राहिला. आणि पुनरुज्जीवक सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवणारा अमेरिकेतील पहिला द्राक्षमळाही त्याच राज्यात आहे.

१. विचाराचे मूळ : इंदूरची प्रयोगभूमी

आधुनिक सेंद्रिय शेतीच्या विचाराची एक महत्त्वाची मुळी होळकरांच्या इंदुरात सापडते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत रुजू झाले. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ या संस्थेचे संचालकपद सांभाळले. शेतातील काडीकचरा, शेण व माती यांपासून कंपोस्ट तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ तेथेच सिद्ध झाली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पद्धतीवरील ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते.

हॉवर्ड यांच्या कार्याची एक बाजू फारशी चर्चिली जात नाही. १९३१ मध्येच त्यांनी जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियतकालिकात भारतीय मजुरांच्या व्यवस्थापनाविषयी लेख लिहिला. माती सुधारण्याचा प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाला त्या मातीत काम करणाऱ्यांची व्यवस्था हाही प्रयोगाचाच विषय वाटावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. अर्थात मजुरांच्या व्यवस्थेचा हा विचार संचालकाच्या भूमिकेतून झालेला होता. मजुरांनी केलेल्या मागणीतून तो आलेला नव्हता. पुढील सर्व इतिहासात हा फरक पुन्हा पुन्हा समोर येतो.

हॉवर्ड यांच्या विचारांनी प्रभावित होऊन जे. आय. रोडेल यांनी १९४२ साली अमेरिकेत सेंद्रिय शेतीला वाहिलेले मासिक सुरू केले. त्यांचे पुत्र रॉबर्ट रोडेल यांनी १९८०च्या दशकात ‘पुनरुज्जीवक’ ही संज्ञा रूढ केली. जमीन आहे त्या स्थितीत टिकवणे पुरेसे नाही, तिचा कस उत्तरोत्तर वाढला पाहिजे, हा त्या संज्ञेचा आशय होता. इंदुरातून निघालेला कंपोस्टचा विचार अशा रीतीने अमेरिकेत रुजला. मजुरांविषयीची चर्चा मात्र त्याच्याबरोबर तेवढ्या ठळकपणे गेली नाही. कॅलिफोर्नियात ती चर्चा पूर्णपणे वेगळ्या वाटेने उभी राहिली.

२. कायद्याच्या कक्षेबाहेरचा मजूर

कॅलिफोर्नियातील द्राक्षशेती आरंभापासूनच स्थलांतरित श्रमांवर उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोनोमा व नापा खोऱ्यांतील अनेक मळे चिनी मजुरांनी लावले आणि जोपासले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी आल्यानंतर जपानी, पंजाबी, फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांचे समूह क्रमाक्रमाने येत गेले. एका समूहाने मजुरी वाढवून मागितली की दुसरा समूह आणायचा, ही मळेमालकांची नेहमीची पद्धत झाली.

कायद्यानेही या मजुरांना दूरच ठेवले. संघटित होण्याचा व सामुदायिक वाटाघाटींचा हक्क देणारा अमेरिकेचा १९३५ चा राष्ट्रीय कामगारसंबंध कायदा शेतमजुरांना लागू नव्हता. किमान वेतन व जादा कामाचा मोबदला निश्चित करणाऱ्या १९३८ च्या कायद्यातूनही त्यांना वगळण्यात आले. किमान वेतनाची तरतूद काही प्रमाणात त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास १९६६ साल उजाडावे लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, मेक्सिकोतून मुदतबंद मजूर आणण्याची ‘ब्रासेरो’ योजना सुरू झाली आणि ती १९६४ अखेरपर्यंत चालली. परत पाठवले जाण्याची टांगती तलवार डोक्यावर असलेला मजूर संपात उतरणे कठीण होते. शिवाय मळेमालक आणि मजूर यांच्यामध्ये मजूर-कंत्राटदार असे. टोळी जमवणे, वाहतूक, हजेरी व मजुरीवाटप हे सारे त्याच्या हाती असे. महाराष्ट्रातील ऊसतोडणीचा मुकादम ज्यांना परिचित आहे, त्यांना या मध्यस्थाचे सामर्थ्य निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मजुराची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न या रचनेत कायम अनुत्तरित राहत असे.

३. डेलानोचा संप : करारातून आलेले कल्याण

ब्रासेरो योजना संपताच परिस्थिती पालटली. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानो परिसरातील फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिऑन्ग यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. तासाला १ डॉलर ४० सेंट मजुरी ही त्यांची प्रमुख मागणी होती. १६ सप्टेंबरला सीझर चावेझ व डोलोरेस वेर्ता यांच्या मेक्सिकन मजुरांच्या संघटनेने संपात सामील होण्याचा निर्णय घेतला. एका समूहाचा संप दुसऱ्या समूहाकरवी मोडून काढण्याची जुनी पद्धत या एकजुटीमुळे निष्प्रभ झाली. १९६६ मध्ये दोन्ही संघटना एकत्र आल्या आणि त्यांतूनच पुढे ‘युनायटेड फार्म वर्कर्स’ ही संघटना आकाराला आली.

या लढ्यावर गांधीजींच्या विचारांचा प्रभाव स्पष्ट होता. १९६६ मध्ये डेलानो ते राज्याची राजधानी सॅक्रामेंटो अशी पदयात्रा निघाली. ती चालू असतानाच शेनली या मद्यउत्पादक कंपनीने आपल्या द्राक्षमळ्यांसाठी संघटनेला मान्यता दिली. आंदोलकांनी अहिंसेची वाट सोडू नये यासाठी १९६८ मध्ये चावेझ यांनी २५ दिवसांचे उपोषण केले. खाण्याच्या द्राक्षांवर देशव्यापी बहिष्काराचे आवाहन करण्यात आले आणि शहरांतील लाखो ग्राहकांनी द्राक्षे घेणे थांबवले. अखेर २९ जुलै १९७० रोजी डेलानोतील मळेमालकांनी संघटनेबरोबर करार केले.

या करारांनी मजुरी वाढली हे खरे. परंतु कामगारकल्याणाच्या दृष्टीने त्यांतील इतर तरतुदी अधिक महत्त्वाच्या होत्या. मजुरांच्या वैद्यकीय योजनेसाठी मालकांनी रक्कम भरावी असे ठरले. कंत्राटदाराऐवजी संघटनेच्या कार्यालयातून मजूर पाठवण्याची व्यवस्था करण्यात आली. फवारणीसंबंधीचे नियम आले आणि करारात सामील झालेल्या मळ्यांत डीडीटीच्या वापरास मनाई झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर देशव्यापी बंदी घातली ती १९७२ साली. म्हणजे द्राक्षमळ्यांपुरती ही बंदी सरकारच्या आधी मजुरांच्या करारपत्राने आणली होती. १९७४ मध्ये वृद्ध फिलिपिनो मजुरांसाठी डेलानो येथे ‘अगबायानी व्हिलेज’ हे निवासस्थान उभे राहिले. आयुष्यभर मजुरांच्या छावण्यांत राहिलेल्या, बहुतांशी एकाकी अशा या माणसांना उतारवयात हक्काचे छप्पर मिळाले.

येथे एक निष्कर्ष नोंदवता येतो. जमीन व अन्न विषमुक्त असावे ही मागणी आणि मजूर सुरक्षित असावा ही मागणी १९७० च्या करारात एकाच कलमात नांदत होत्या. त्या कलमाची अंमलबजावणी होते की नाही, हे पाहणारे डोळेही मजुरांचेच होते.

४. करार गेले, प्रश्न राहिला

ही स्थिती फार काळ टिकली नाही. १९७३ मध्ये कराराची मुदत संपताच बहुसंख्य मळेमालकांनी युनायटेड फार्म वर्कर्सला डावलून टीमस्टर्स या प्रतिस्पर्धी संघटनेशी करार केले. त्या उन्हाळ्यातील संघर्षात दोन आंदोलकांचा मृत्यू झाला. या अशांततेतूनच कॅलिफोर्नियाचा १९७५ चा कृषि कामगारसंबंध कायदा संमत झाला. शेतमजुरांना गुप्त मतदानाने संघटना निवडण्याचा हक्क त्याने दिला आणि संघटकांना ठरावीक वेळेत मळ्यात जाऊन मजुरांना भेटण्याची मुभा संबंधित मंडळाच्या नियमांनी दिली.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या खुरप्यावर बंदी आली. भाजीपाला आणि शर्कराकंदाच्या शेतांत हे खुरपे सर्रास वापरले जाई. ते वापरताना मजुराला दिवसभर कमरेत वाकून राहावे लागे आणि त्यामुळे पाठीच्या कण्याला कायमची इजा होत असे. हत्याराची लांबी हाही कामगारकल्याणाचा विषय असतो, हे या बंदीने अधोरेखित केले. पुढे सेंद्रिय शेतीच्या संदर्भात हाच मुद्दा वेगळ्या रूपात उपस्थित झाला.

१९८० च्या दशकात संघटनेचे बळ ओसरत गेले. चावेझ यांनी द्राक्षांवर पुन्हा बहिष्कार पुकारला आणि आता त्याचा केंद्रबिंदू कीटकनाशके हा होता. १९८८ मध्ये त्यांनी ३६ दिवसांचे उपोषण केले. ग्राहकाच्या ताटातील आणि मजुराच्या अंगावरील विष एकच आहे, हा त्या मोहिमेचा गाभा होता. मात्र हे दोन धोके तंतोतंत एक नव्हते. फवारणीनंतर काही आठवड्यांनी दुकानात येणाऱ्या फळावर रसायनाचा अंश अत्यल्प उरतो. मजुराचा संबंध मात्र ताज्या फवाऱ्याशी, ओल्या पानांशी आणि धुळीशी येतो. ग्राहकाची भीती दूर करण्यासाठी मजुराचा धोका दूर करणे अनिवार्य नव्हते. पुढील दशकात नेमके हेच घडले.

५. सेंद्रिय कायदा आणि मजुराचे विस्मरण

१९९० साली अमेरिकेच्या संसदेने सेंद्रिय अन्नोत्पादन कायदा संमत केला. त्याखालील राष्ट्रीय मानके २००२ च्या ऑक्टोबरपासून पूर्णतः लागू झाली. निषिद्ध रसायनांपासून जमीन तीन वर्षे मुक्त असणे, वापरता येण्याजोग्या निविष्ठांची यादी, पशुपालनाचे नियम, नोंदवह्या आणि वार्षिक तपासणी अशी ही तपशीलवार व्यवस्था होती. शेतकऱ्याने कोणते खत वापरले याची नोंद तीत आवश्यक होती. मजुराला किती मजुरी दिली, त्याला सावली आणि पाणी मिळाले काय, यांविषयी ती मौन होती. ‘सेंद्रिय’ हा शब्द कायद्याने निविष्ठांच्या यादीपुरता सीमित केला.

याचे परिणाम दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतात. पहिले उदाहरण तणनियंत्रणाचे आहे. तणनाशक वर्ज्य केल्यावर ते काम यंत्राने, आच्छादनाने किंवा माणसाच्या हाताने करावे लागते. आखूड खुरप्यावरील बंदीनंतर अनेक शेतांत मजुरांना वाकून हातानेच तण उपटावे लागत असे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा हाताने करावयाच्या खुरपणीवर निर्बंध घालणारा नियम केला. परंतु सेंद्रिय शेतांना त्यातून सूट दिली. पाठीला होणारी इजा सेंद्रिय शेतात कमी होत नाही, हे उघड आहे. तरीही शेतीपद्धतीच्या शुद्धतेसाठी मजुराच्या शरीराला सवलतीबाहेर ठेवले गेले.

दुसरे उदाहरण गंधकाचे आहे. द्राक्षावरील भुरी रोगावर गंधकाची भुकटी हा जुना, स्वस्त आणि सेंद्रिय मानकांना मान्य असलेला उपाय आहे. कॅलिफोर्नियात वजनाच्या हिशेबाने सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पीकसंरक्षक द्रव्यांत गंधकाचा समावेश होतो. तो डोळ्यांचा व त्वचेचा दाह करतो. राज्यातील सलिनास खोऱ्यातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासाचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे सांगतात की, घराजवळील शेतांतील गंधकाचा वाढता वापर आणि मुलांच्या श्वसनाच्या तक्रारी यांत संबंध आढळतो. ‘नैसर्गिक’ म्हणून मान्यता पावलेले द्रव्य मजुराला आणि त्याच्या कुटुंबाला निरुपद्रवी असतेच असे नाही.

याचा अर्थ सेंद्रिय शेतीने मजुराचे हित मुळीच साधले नाही असा नव्हे. तीव्र विषारी कीटकनाशके हद्दपार झाल्याचा पहिला लाभ मजुरालाच मिळाला. परंतु तो लाभ नियमाचा हेतू नव्हता, आनुषंगिक फळ होते. जे आनुषंगिक असते त्याची तपासणी होत नाही आणि ज्याची तपासणी होत नाही त्याची हमी राहत नाही.

६. राज्याचे नियम आणि त्यांची मर्यादा

करार क्षीण झाल्यावर मजुराच्या संरक्षणाचा भार मुख्यतः राज्याच्या नियमांवर आला. २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी उष्माघात-प्रतिबंधक नियम लागू केले. पिण्याचे पाणी, सावली, विश्रांती व प्रशिक्षण यांची सक्ती करणारे अमेरिकेतील हे पहिलेच राज्य ठरले. तरीही मे २००८ मध्ये स्टॉकटनजवळच्या एका द्राक्षमळ्यात कडक उन्हात काम करणारी १७ वर्षांची गरोदर मजूर उष्माघाताने दगावली. नियम कागदावर होता. सावली व पुरेसे पाणी मळ्यात पोहोचले नव्हते. नेमणूक कंत्राटदारामार्फत झालेली होती. मळा एकाचा व मजूर दुसऱ्याचा, या रचनेतील धोका या मृत्यूने पुन्हा उघड केला.

जादा कामाच्या मोबदल्यासंबंधी १९३८ पासून चालत आलेला भेद कॅलिफोर्नियाने २०१६ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने दूर केला. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तासांनंतर दीडपट वेतन हा नियम मोठ्या मालकांना २०२२ पासून आणि लहान मालकांना २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला. औद्योगिक कामगाराला जे १९३८ मध्ये मिळाले, ते मिळण्यास कॅलिफोर्नियातील शेतमजुराला आठ दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. दुसरीकडे, संघटकांना मळ्यात प्रवेश देणारा १९७५ पासूनचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये मालमत्तेच्या हक्काशी विसंगत ठरवला. २०२२ मध्ये मजुरांनी डेलानो ते सॅक्रामेंटो ही पदयात्रा पुन्हा काढली आणि त्यानंतर संघटनेची निवड मळ्यातील मतदानाखेरीज अन्य मार्गानेही करण्यास राज्याने कायद्याने मान्यता दिली. हक्क एका दाराने येतो आणि दुसऱ्या दाराने जातो, असा हा क्रम आहे.

७. पुनरुज्जीवक प्रमाणपत्र : परतलेली अट

या दीर्घ इतिहासानंतर २०१७ च्या घटनेचे मूल्यमापन करता येते. पुनरुज्जीवक सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी शासकीय सेंद्रिय प्रमाणपत्र ही किमान पायरी आहे. त्यावर जमिनीचे कमीत कमी उलथन, आच्छादन पिके, कंपोस्ट, पशूंचा शेतीत समावेश या अटी येतात. आणि त्यांच्या जोडीला संघटनस्वातंत्र्य, सुरक्षित कामाची परिस्थिती, वेठबिगारीस प्रतिबंध व निर्वाहक्षम वेतन ही तत्त्वे येतात. कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा तीन पातळ्यांची योजना त्यात आहे. पासो रोब्लेस येथील ‘टॅब्लास क्रीक’ हा १९८९ मध्ये स्थापन झालेला मळा २०२० साली असे प्रमाणपत्र मिळवणारा अमेरिकेतील पहिला द्राक्षमळा ठरला. त्यानंतर अन्य मळेही या मार्गाने गेले.

या शेतीपद्धतीत कामगारकल्याणाच्या दृष्टीने एक मूलभूत शक्यता दडलेली आहे. केवळ द्राक्षाचे पीक घेणाऱ्या मळ्यात श्रमाची गरज छाटणी व काढणी या हंगामांत एकवटते. म्हणून टोळ्या येतात व जातात आणि कंत्राटदाराचे महत्त्व टिकते. ज्या मळ्यात आच्छादन पिके पेरायची असतात, कंपोस्ट तयार करायचे असते, मेंढ्यांचा कळप सांभाळायचा असतो आणि जोडपिके असतात, तेथे काम वर्षभर विभागले जाते. बारमाही नोकरी म्हणजे स्थिर घर, मुलांची अखंड शाळा आणि वाढत जाणारे कौशल्य. विशिष्ट वेलीची छाटणी दरवर्षी त्याच हाताने झाली तर वेलीलाही लाभ होतो. माती व मजूर यांचे हित येथे खरोखर जुळते.

मात्र ही शक्यता आपोआप साकार होत नाही. मळ्यात चरणाऱ्या मेंढ्यांचेच उदाहरण घेता येईल. ज्या मळ्यांचा स्वतःचा कळप नसतो ते बाहेरून भाड्याने कळप आणतात. अशा कळपांमागील मेंढपाळ बहुतांशी पेरू देशातून तात्पुरत्या परवान्यावर आलेले असतात. रात्रंदिवस कळपाबरोबर राहणाऱ्या या माणसांच्या कामाचे तास मोजणेच कठीण असते. तणनाशकाच्या जागी मेंढी आली, तरी मेंढीमागचा माणूस मोजणीत आला नाही तर ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द अपुरा ठरतो. यंत्राने होणाऱ्या काढणीसंबंधीही असेच म्हणता येईल. कॅलिफोर्नियातील मद्याच्या द्राक्षांचा मोठा भाग यंत्राने काढला जातो. त्यामुळे कष्ट घटतात, तसाच रोजगारही घटतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न साक्षीदाराचा आहे. १९७० च्या करारात मजूर हा एक पक्ष होता. कलम मोडले तर तो तक्रार करू शकत असे आणि त्या तक्रारीमागे संघटना उभी असे. राज्याच्या नियमात मजूर हा संरक्षित नागरिक आहे व निरीक्षक हा साक्षीदार. प्रमाणपत्रात करार होतो तो मळेमालक आणि प्रमाणन संस्था यांच्यात. त्याची किंमत ग्राहक बाटलीमागे मोजतो आणि मजूर हा तपासणीचा विषय असतो. वर्षातून एकदा येणारा तपासनीस मातीचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवू शकतो; मातीला नोकरी जाण्याचे भय नसते. मजुराचे उत्तर घेताना मात्र मुकादम किती अंतरावर उभा आहे यावर त्या उत्तराची सत्यता अवलंबून असते. म्हणून संघटनस्वातंत्र्याची अट ही सामाजिक न्यायाच्या अनेक अटींपैकी एक नसून उरलेल्या सर्व अटी खऱ्या ठरवणारी अट आहे.

८. महाराष्ट्राच्या संदर्भात

हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी तालुके द्राक्षनिर्यातीसाठी प्रसिद्ध आहेत. युरोपीय बाजारात कीटकनाशकांच्या अंशांवरून निर्माण झालेल्या अडचणीनंतर २००३–०४ पासून निर्यातक्षम द्राक्षांसाठी उर्वरित अंशांच्या तपासणीची देशव्यापी योजना लागू झाली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तीत प्रमुख भूमिका बजावली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे निर्यातीला पुन्हा फटका बसला आणि नियंत्रण आणखी कडक झाले. परिणामी भारतीय द्राक्षांची विश्वासार्हता वाढली, ही निःसंशय मोठी उपलब्धी आहे.

परंतु या व्यवस्थेत मोजला जातो तो मण्यावरील अंश. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडीबार छाटणी, फेलफूट काढणे, विरळणी, संजीवकाच्या द्रावणात घड बुडवणे ही कामे ज्यांच्या हातून होतात, त्यांत पेठ व सुरगाणा यांसारख्या आदिवासी तालुक्यांतून हंगामापुरत्या येणाऱ्या मजुरांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या हातांवरील आणि श्वासातील अंश या तपासणीत नोंदवले जात नाहीत. अमेरिकेच्या सेंद्रिय कायद्यात जी फारकत दिसली, तीच येथे निर्यातीच्या नियमांत दिसते. खाणाऱ्याची काळजी घेतली गेली, पिकवणाऱ्याची राहून गेली.

महाराष्ट्राजवळ याबाबत स्वतःचा अनुभवही आहे. असंघटित मानल्या गेलेल्या हमालांसाठी राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. कामगार, मालक व शासन यांचे प्रतिनिधी असलेल्या मंडळांकडे नोंदणी, मजुरीवाटप आणि कल्याणनिधी सोपवण्यात आला. मालक बदलला तरी हमालाचा हक्क मंडळाकडे सुरक्षित राहतो, हे या रचनेचे वैशिष्ट्य. डेलानोच्या मजुरांनी १९७० मध्ये संघटनेच्या कार्यालयामार्फत जे साधू पाहिले, त्याच स्वरूपाचे काम येथे कायद्याने निर्माण केलेल्या संस्थेकडे आले. हंगामी द्राक्षमजुरांसाठी कोणती रचना योग्य ठरेल हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे; पण विचाराची सामग्री महाराष्ट्राच्या इतिहासातच उपलब्ध आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. विषमुक्त शेती आणि मजुराची सुरक्षितता या मागण्या कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत १९७० च्या करारांत एकत्र होत्या. १९९० च्या सेंद्रिय कायद्याने पहिली स्वीकारली आणि दुसरी वगळली. २०१७ नंतरच्या पुनरुज्जीवक प्रमाणपत्राने ती पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला आहे.

२. सेंद्रिय शेती मजुराला हितकारक असतेच असे नाही. हाताने करावयाच्या खुरपणीची सवलत व गंधकाचा वापर ही त्याची ठळक उदाहरणे होत. तथापि वर्षभर विभागलेले काम ही पुनरुज्जीवक शेतीची मजुराला लाभदायक ठरू शकणारी सर्वांत मोठी देणगी आहे.

३. कामगारकल्याण करार, कायदा व प्रमाणपत्र या तीन मार्गांनी येते. तिन्हींचे हमीदार अनुक्रमे मजूर, शासन व ग्राहक असे भिन्न आहेत. ग्राहकाची हमी त्याच्या आवडीइतकीच टिकाऊ असते. म्हणून प्रमाणपत्र हे कराराला व कायद्याला पूरक ठरू शकते, पर्याय ठरू शकत नाही.

४. मातीच्या आरोग्याची मोजमापे विज्ञानाने निश्चित केली आहेत. मजुराच्या कल्याणाचे सर्वांत विश्वसनीय मोजमाप मात्र त्याला निर्भयपणे बोलता येते की नाही हेच आहे. ज्या मळ्यात ते शक्य आहे, तेथेच पुनरुज्जीवन हा शब्द जमिनीइतकाच माणसालाही लागू पडेल.